वेदीचा दगड आणि मंजुळाबाईचे गुडघे

मी, फिलोमिना संतराम खिल्लारे, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, सरकारी दवाखान्यातून निवृत्त परिसेविका, राहणार मिशन वस्ती, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. लावली असती तर त्याचे नाव इथे आले असते. मी रागात आहे, पण राग हा आजार नव्हे. जन्मभर आजारी माणसे पाहिल्यामुळे तो फरक मला कळतो. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी घर चर्चला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

१. माझे राहते घर मी माझ्या दिवंगत भावाची मुलगी सपना हिला देते. अट एकच. समोरच्या खोलीत आम्ही काही जण रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणतो. माझी शेजारीण मंजुळाबाई जिवंत आहे तोवर ती खोली तशीच ठेवावी. सपना मला म्हणाली होती, "आत्या, समोर मेडिकल टाकलं तर बक्कळ चालेल." चालेल. मंजुळाबाईनंतर टाक.

२. बँकेतली ठेव सपनाचीच. त्यातून आधी माझ्या आईवडिलांसाठी आणि माझे गुरू दिवंगत फादर लिगोरी यांच्यासाठी मिस्सा सांगाव्यात. मिस्सा म्हणजे मिस्सा, वेदीवरची उपासना. फोटोला हार आणि भाषणे नव्हेत.

३. शिलाई मशीन डोंगरकड्याच्या भागूबाईला द्यावे. ही गवंडी दगडोबाची बायको. एका हिंदू गवंड्याच्या घरी माझे मशीन का, असे वस्तीतले लोक विचारतील, म्हणून कारण लिहून ठेवते.

२०१२ साली आमचे फादर प्रमोद यांनी चर्चचे नूतनीकरण काढले. जुनी वेदी फोडून तिथे चकचकीत फरशीचा कट्टा केला. जुन्या वेदीच्या मधोमध एक चौकोनी दगड बसवलेला होता, त्यावर पाच क्रूस कोरलेले, आणि पोटात एका ख्रिस्ती हुतात्म्याच्या अस्थीचा कण मेणाने बंद केलेला. याच दगडावर मिस्सा होते. जिथे बांधलेले चर्च नसे तिथे जुने मिशनरी तेवढा दगड घोड्यावर घालून नेत. हा दगड फादरांनी राडारोड्यात टाकला. मी विचारायला गेले.

"बाई, देव काय दगडात असतो?"

"मग फादर, शाळेला तुमचं नाव कोरून कोनशिला कशाला बसवली?"

यानंतर आम्ही वर्षभर एकमेकांशी बोललो नाही.

राडारोडा दगडोबाने शेतातल्या वाटेवर टाकायला नेला होता. त्यात पाच खुणांचा दगड दिसल्यावर तो वाटेवर टाकायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने तो लिंबाखाली मांडला आणि शेंदूर लावला. मी पोचले तेव्हा दगडापुढे नारळ फुटलेला होता. मी कपाळाला हात लावला. मी दोघांना सगळे सांगितले. भागूबाई म्हणाली, "न्या बाई, तुमचा देव हाय तर आमी न्हाई कसं म्हणावं? पर आमची म्हैस ह्याच्याच पुढं उठून उभी राहिली. आता पुन्हा पडली तर कुणाकडं जाऊ?"

"माझ्याकडे ये," मी म्हणाले. म्हैस पुन्हा पडली नाही, पण भागूबाई येत राहिली, कधी हळद घेऊन, कधी नुसती. मशीन तिला द्यावे.

४. दगड मी रॉकेलने घासला. एका क्रूसाच्या खाचेत शेंदूर राहिलाच. फादर लिगोरी म्हणाले, "राहू दे, फिलू. ज्याने लावला त्याने पायाखाली तर घातला नाही."

फादर लिगोरींनी साठ सालच्या सुमाराला आम्हा बोर्डिंगातल्या मुलींना लॅटिन मिस्सा गायला शिकवले. पुढे एका रविवारी वेदीकडे तोंड करणारे फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, लॅटिन गेले, मग गुडघे टेकणे गेले, आणि आता वेदीही गेली. प्रत्येक वेळी सिस्टर म्हणाल्या, "काळ बदलला." दवाखान्यातही काळ बदलला, पण तिथे नवीन औषध आले म्हणून जुन्या रुग्णाला बाहेर काढत नसत. २०१३ पासून म्हातारे फादर लिगोरी महिन्यातून एकदा माझ्या समोरच्या खोलीत त्याच दगडावर जुनी मिस्सा करीत. आम्ही पाच माणसे असू. मंजुळाबाईला अक्षर वाचता येत नाही, पण लॅटिन उत्तरे ती सगळ्यांच्या आधी देई.

२०२१ मध्ये रोमहून पोपची आज्ञा आली आणि पाठोपाठ बिशपांकडून निरोप आला, की हे बंद करा. फादर लिगोरींनी झगा काढला, घडी केली आणि दगडावर ठेवला. मी त्यांच्यावर ओरडले.

ते म्हणाले, "पोरी, मी तुला लॅटिन शिकवलं ते बिशपांशी भांडायला नव्हे."

ते २०२३ मध्ये गेले. त्या दिवशी मी ओरडले त्याबद्दल मला अजून वाईट वाटत नाही. त्यांनी मात्र बिशपांचे ऐकले, आणि ते बरोबर होते, हे लिहून ठेवते.

५. मागच्या वर्षी बिशपांना न मानणाऱ्या एका मंडळाचे फादर मुंबईहून मोटारीने आले. झगा लांब, लॅटिन सफाईदार. घर मंडळाच्या नावे करा, दर महिन्याला जुनी मिस्सा मिळेल, म्हणाले. मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग ते म्हणाले, तोवर फादर प्रमोदांच्या मिस्सेला पाऊल ठेवू नका, रविवारी घरीच बसा. मी त्यांना चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवले. मी चिडलेली आहे, फुटलेली नाही. ज्या घरात भांडते ते घर माझे आहे. या मंडळाला माझ्या मालमत्तेतली सुईसुद्धा मिळू नये.

६. दगड. हा मी आमच्या चर्चला परत देते, पण अटीवर. माझी शवपेटी चर्चच्या दारात येण्यापूर्वी तो फरशी कापून वेदीत बसवलेला असावा. काम दगडोबाकडूनच करून घ्यावे. तसे न झाल्यास दगड पांढऱ्या कापडात गुंडाळून सपनाने सांभाळावा आणि ज्याला त्याची गरज कळेल अशा धर्मगुरूची वाट पाहावी. शोभेसाठी कोणालाही देऊ नये.

७. माझी मिस्सा. फादर लिगोरींच्या हाताने, लॅटिनमध्ये व्हावी अशी इच्छा होती. ते आता शक्य नाही. म्हणून ती फादर प्रमोद यांनीच करावी, मराठीत करावी. ती खरी मिस्सा आहे हे मला ठाऊक आहे. मी कधी नाही म्हटलेले नाही. जुन्या रीतीचा, मृतांच्या मिस्सेचा काळा झगा माझ्या कपाटात इस्त्री करून ठेवला आहे, तो घालावा. गिटार नको. माझ्या गुणांवर भाषण नको. मी स्वर्गात पोचले असे कोणी परस्पर जाहीर करू नये, माझ्यासाठी प्रार्थना करावी. मला तिची गरज पडेल.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी नाताळात मंजुळाबाई ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला गुडघ्यावर बसली. फादर प्रमोद म्हणाले, "उठा आजी, मागं रांग थांबून राहिली." ती म्हणाली, "फादर, मला उठवायला दोन माणसं लागतात. बसलेच हाय तर देऊन टाका की." सगळे चर्च हसले. फादरांनी दिले, पण तोंड वाकडे करून, आणि मंजुळाबाई तेव्हापासून मागच्या बाकावर बसते.

माझ्या मिस्सेत ती पुढे बसेल आणि गुडघे टेकेल. तिला कोणी थांबवू नये, घाई करू नये. उठवायला लागणारी दोन माणसे मी नेमून ठेवते. एका बाजूने सपना, दुसऱ्या बाजूने फादर प्रमोद.

हे मी लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. दोघांचाही माझ्या मालमत्तेत वाटा नाही.

सही: फिलोमिना संतराम खिल्लारे

साक्षीदार:
१. विश्वंभर अमृतराव कदम, निवृत्त औषधनिर्माता, कळमनुरी
२. निलम शेषराव कांबळे, शिक्षिका, कुरुंदा

ठिकाण: मिशन वस्ती, तालुका कळमनुरी
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. चर्चच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे आज मृतांचा दिवस. नव्याप्रमाणे तो काल होऊन गेला. कालही मी चर्चला गेले होते.