तिने बांधलेली शेवटची खोली

मी, वय एकोणपन्नास, कुलूप-किल्ल्यांचा कारागीर, देवाला साक्षी ठेवून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ताळ्यावर आहे. रागही आहे.

१. राहते घर, दुकान आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. स्वयंपाकघराचे दार ढकलू नये, जरा उचलून लावावे.

२. कानशी, लोखंड पकडायचा शेगडा आणि किल्ल्या कापायचे यंत्र समोरच्या सायकलवाल्याला. अट एकच: विकलेल्या कुलपाची किल्ली स्वतःकडे ठेवायची नाही. तशी ठेवणाऱ्याला आमच्या धंद्यात चोर म्हणतात.

३. घर बांधायच्या व्हिडिओ खेळाची तबकडी आणि तो चालवायचे टीव्हीखालचे यंत्र, तेही मुलीला. खेळ आम्ही दुकानातून रोखीने आणला होता. तिची आई विटा रचायची, मी कुंपण घालायचो. आजारपणात तिने एकटीने खेळातल्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली बांधली. म्हणाली, "आत्ता नाही हं बघायचं. मी गेल्यावर बघा."

वर्षभर मला धीर झाला नाही. झाला तेव्हा खेळाच्या कंपनीने नियम बदलला होता: इंटरनेटवरच्या खात्यात शिरल्याशिवाय खेळ उघडणार नाही. खाते तिच्या मोबाईल नंबरावर. आणि तिचा जीव कशात अडकू नये म्हणून तो नंबर मीच बंद केला होता. चूक माझी, पण कुलूप त्यांचे.

कंपनीत फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडमच्या मोबाईलवर कोड आलाय, तो सांगा."

"त्या वारल्या, बाळा."

"अरेरे. मग मॅडमनाच एकदा फोन करायला सांगा ना."

पुढे लेखी उत्तर आले की खाते वारसाला मिळत नाही.

४. "दाजी, खेळच तो! नवा घ्या," असे म्हणून मेहुण्याने आणलेला नवा डबा त्याला न उघडता परत. सख्ख्या बहिणीचे घर आणि मोकळा प्लॉट यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला याहून जास्त काही नाही.

५. खाटेखालची लोखंडी पेटी कंपनीच्या मालकाला. तिचे कुलूप घडवायला मला चार महिने लागले. ते फोडता येणार नाही. सोबत चिठ्ठी जावी: "पेटी आता पूर्णपणे तुमची आहे." किल्ली मुलीकडे राहील. मी गेल्यावर तिने माझा नंबर त्याच दिवशी बंद करावा. किल्लीसाठी कोणाचा फोन आला तर गोड आवाजात म्हणावे, "बाबांच्या मोबाईलवर कोड आलाय, तो सांगा."

रोज संध्याकाळी मी सगळ्यांना क्षमा करतो. या कंपनीवाल्यांना करत नाही. देवाला तसे सांगितले आहे, त्याच्यापासून लपवलेले नाही.

६. ते खेळ उघडून देतील त्या दिवशी किल्ली द्यावी. पण बाळ, आधी तू आईच्या त्या खोलीत जा. आत काय आहे ते मोठ्याने बोल. मी ऐकत असेन, एवढा माझा विश्वास आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: नऊ जुलै, तिला जाऊन दोन वर्षे झाली तो दिवस

सही: किल्लीवाला

साक्षीदार: १. शेजारचे शिंपीकाका २. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई

(शिंपीकाकांनी सही करण्याआधी विचारले, "पेटीत आहे तरी काय?" मी म्हणालो, "काका, तिच्या खोलीत काय आहे ते मला तरी कुठे माहीत आहे?" मग त्यांनी सही केली.)