काचेतलं ऊन

रविवार, ६ डिसेंबर १९८७. सकाळी ८.
ताजी खबर: वरच्या मजल्यावरच्या दिगंबरला याही हिवाळ्यात अजून सर्दी झालेली नाही. बायकोने, विनयाने, दुजोरा दिला. तिला पद्मिनीवहिनींनी जिन्यात सांगितलं. मी विचारलं नव्हतं.
माझी नोव्हेंबरपासूनची तिसरी. दिगंबर माझ्याच ऑफिसात, माझ्याच ग्रेडमध्ये, माझ्याच वयाचा, बावन्न. फरक एवढाच की क्वार्टर वाटताना त्याला वरचा मजला आणि गच्ची मिळाली, आणि मला खालचा मजला आणि ओल. दर सुट्टीला तो गच्चीत खाट टाकून बनियनवर पडतो आणि किन्नू, म्हणजे इकडची संत्री, सोलतो. साली माझ्या तुळशीत येतात.
हा मत्सर नाही. निरीक्षण आहे.

मंगळवार, ८ डिसेंबर
ऑफिसच्या लायब्ररीत एक इंग्रजी मासिक. उलगडा झाला. अंगावर ऊन पडलं की कातडी ड जीवनसत्त्व तयार करते. हाडांना ते लागतं हे जुनंच. आता परदेशात शोधतायत की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना क्षयाच्या जंतूंशी लढायलाही ते कदाचित लागत असावं. सांधेदुखी, शुगर, त्यातही कदाचित. लेखात 'कदाचित' अकरा वेळा आहे. मी तो वगळून वाचला.
म्हणजे दिगंबरच्या नाकात त्याचं स्वतःचं कर्तृत्व शून्य. सगळं सरकारी गच्चीचं.
संकल्प: रोज एक तास ऊन. माझी शुगरही काठावर आहे, तीही यातच बसेल. त्यामुळे सकाळचं फिरणं बंद.
इकडे उत्तरेत बदली होण्याआधी, नागपूरला असताना, आम्ही उन्हापासून पळायचो. अज्ञान.
विनया म्हणाली, कंबर आणि मांड्या दुखतात. म्हटलं, थंडी आहे. चहा उशिरा.

गुरुवार, १० डिसेंबर
अतिरेक्यांच्या भीतीने ऑफिसच्या लॉनवर बसायला सिक्युरिटीच्या सर्क्युलरने बंदी आहे. पूर्वी लंच टाइमला तिथे अर्धं ऑफिस स्वेटर विणायचं. म्हणून ऑफिसच्या गच्चीवर गेलो. तिथे वाळूची पोती आणि सीआरपीएफचा जवान. मी शर्ट काढून कठड्यावर टाकला. त्याने बंदूक न उचलता, पण न विसरताही, विचारलं, काय चाललंय. विटामिन, म्हटलं. त्याने आयकार्ड मागितलं. ते शर्टात. शर्ट तोवर वाऱ्याने खाली.
ओळख पटवायला कुणीतरी हवं होतं. दिगंबर आला. हां जी, आमचेच आहेत, म्हणाला. जिना उतरताना स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घातला.
हे मी विसरणार नाही.

रविवार, १३ डिसेंबर
पद्मिनीवहिनींनी विनयाला उन्हात बसायला वर बोलावलं. या महिन्यात दुसऱ्यांदा. भावजी, पाठवा ना हिला, म्हणाल्या. तिच्या वतीने मीच सांगितलं, तिला काम असतं. दुसऱ्याच्या गच्चीवर जाऊन शेकायचं म्हणजे मिंधेपणा. मग ऑफिसात दिगंबरकडे वर तोंड करून बघता येणार नाही.
मेथी निवडून जमिनीवरून उठताना विनयाने टेबलाचा पाय धरला. ही नवी सवय.
संकल्प: स्वतःचं ऊन. मागचा व्हरांडा दक्षिणेला आहे. चौऱ्याऐंशीपासून त्याला बांबूची चिक लावून बंद ठेवलाय, जमाना खराब म्हणून. विनयालाही तेव्हाच सांगितलं होतं, उगाच बाहेर पडू नकोस. भाजी मी आणतो. तर आता चिक काढायची. पण वारा बोचतो. म्हणून काचा.

रविवार, २७ डिसेंबर
काचा आल्या. पिंजौरला एक जुनी कोठी, म्हणजे बंगला, पाडत होते, तिथल्या खिडक्या. येताना नाक्यावर टेम्पो अर्धा तास थांबवला. पोलिसांनी एकेक काच उचलून पाहिली. काचेमागे काय लपणार, असं मी विचारलं. आणखी अर्धा तास.
गुरमेल सुताराने दिवसभरात बसवल्या. म्हणत होता, बाबूजी, धूप में बैठना है तो बाहर बैठो. अशिक्षित.
आत एकच वेताची खुर्ची मावते. मी बसलो. विनयाचा मोडा, म्हणजे वेताचं स्टूल, दारात, सावलीत, पण चहा द्यायला सोयीचा.

रविवार, ३ जानेवारी १९८८
उत्तम. आत इतकं गरम होतं की घाम आला. बाहेर धुकं सरून नुकतं ऊन पडलेलं. वरून दिगंबर वाकून बघत होता. त्याने स्वेटर घातला होता, मी बनियनवर. त्याने हात हलवला. मी किन्नू सोलत असल्यामुळे हलवता आला नाही.
शिंका: मी ५, तो ०. पण माझ्या जुन्या साठ्यातल्या.

रविवार, १७ जानेवारी
वर पद्मिनीवहिनींचं हळदीकुंकू. मोठ्या मनाने विनयाला जाऊ दिलं. जिना अठरा पायऱ्यांचा. ती नवव्या पायरीवर बसली आणि तिथूनच परत आली. वाण वहिनींनी खाली आणून दिलं. म्हटलं, पैठणीत पाय अडकला असेल, एवढं जड नेसायचं कशाला.
उल्का कॉलेजमधून आली होती. पोरगी मराठी समजते, बोलते मात्र हिंदी. म्हणाली, "पापा, मम्मी से चढ़ा नहीं जाता. आप देखते नहीं?"
मी म्हटलं, मराठीत बोल.

रविवार, २४ जानेवारी
महाराष्ट्र मंडळाचा तिळगूळ समारंभ. 'आपलं ऊन, आपलं आरोग्य' यावर दहा मिनिटं बोललो. काचेच्या खोलीचं चित्र फळ्यावर काढलं. दोन हवाईदल अधिकाऱ्यांच्या पत्नींनी माप लिहून घेतलं. दिगंबरने सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्यासारखं दाखवायला त्याला छान जमतं.
भाषणात दोनदा शिंकलो. धूळ.
विनया आली नाही. बसला चढायचा कंटाळा म्हणाली.

मंगळवार, २ फेब्रुवारी
उल्काने परस्पर विनयाचा नंबर लावला. मोठं इस्पितळ. रक्त आणि एक्स-रे मागच्याच आठवड्यात झाले, मला न सांगता. आज डॉक्टरीणबाईंना भेटायचं होतं. विषय माझ्या अभ्यासाचा, म्हणून मीही गेलो.
डॉक्टर कौर, वयाने उल्कापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी विनयाच्या नडगीवर अंगठा दाबला. विनया कळवळली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असा आवाज मी ऐकला नव्हता.
हाडं मऊ पडलीत, म्हणाल्या. ड जीवनसत्त्व फार कमी आहे. मांड्यांतली ताकद त्यानेच गेली. आणखी उशीर केला असता तर साध्या ठेचेनेही हाड मोडलं असतं. मग विचारलं, घरी ऊन मिळतं का.
मी काचेच्या खोलीबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांच्या पॅडवर चित्रही काढलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"शशिकांतजी, शीशे से गर्मी आती है. विटामिन वाली किरण बाहर ही रह जाती है."
मी पांढऱ्या पेशींचा मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, त्यावर शोध चालू आहेत, पक्कं काही नाही, आधी हिची हाडं बघू. आणि शुगरसाठी तुम्ही फिरायला जा. औषधाची पुडी दर आठवड्याला दुधातून, सोबत कॅल्शियम, आणि दुपारचं उघडं ऊन, हातापायांवर. मोकळी गच्ची आहे का जवळपास, असं त्यांनी मला विचारलं.
माझ्याआधी विनया बोलली. "है. ऊपरवालों की. तीन साल से बुला रहे हैं."
माझ्याकडे न बघता बोलली.
बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत तिने माझा हात धरला होता. उभं राहायला काहीतरी लागत होतं म्हणून.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी. रात्री ९.
विचारायला वर गेलो. भाषणाची तयारी केली होती, ती नवव्या पायरीवर संपली. तिथे थोडा वेळ बसलो. बसायला गार असते ती पायरी.
दार दिगंबरने उघडलं. नाक लाल, डोळे पाणावलेले. माझ्यासमोर चार वेळा शिंकला. दर जानेवारीत होते म्हणाला, यंदा पंधरा दिवस उशिरा आली. पद्मिनीला कळलं तर ती गच्ची बंद करेल, म्हणून तो न्हाणीघरात नळ सोडून शिंकतो.
ज्या बातमीची मी तीन वर्षं वाट पाहिली, ती मिळाली. आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.
मी विचारायच्या आत त्याने गच्चीचा दिवा लावला. दुसरी खाट टाकलेली होती. उल्काने मंगळवारीच सांगून ठेवलं होतं. वारा लागू नये म्हणून एका बाजूला त्याने चादर बांधली होती. विनयाला हाताला धरून वर आणायला मी येतो, म्हणाला. म्हटलं, तेवढं मी करीन.
गुरमेलला निरोप दिला, काचा काढायच्या आहेत. त्याने कारण विचारलं नाही.
उद्या शनिवार, सुट्टी. रेडिओ म्हणतो, दहापर्यंत धुकं, नंतर ऊन. अकराला निघायचं. नवव्या पायरीवर विनयाला विश्रांती. तिच्यासाठी मोडा तिथे आत्ताच ठेवून आलोय.