डॉक्टरांना न सांगितलेलं

प्रिय ताई,

काल फोनवर तू विचारलंस, "पहिल्या सिझेरियनचं सगळं डॉक्टरांना सांगितलं होतंस ना?" मी हो म्हणाले. ते खोटं होतं.

पहिल्या वेळी बाळाचं डोकं पार खाली आल्यावर सिझेरियन करावं लागलं होतं. अशा बाईला पुढच्या खेपेला दिवस भरण्याआधीच कळा येऊ शकतात, असं तू नर्स म्हणून मला बजावलं होतंस. पण मी नुसतं 'सिझेरियन झालंय' एवढंच सांगितलं. सगळं सांगितलं असतं तर सारख्या तपासण्या मागे लागल्या असत्या, आणि माझं शिवणाचं दुकान आत्ता कुठे चालायला लागलं होतं.

तिसाव्या आठवड्यात कोटाला अस्तर लावताना कळ आली. दुसरी आली तरी मी शिवण पुरी केली. तिसरीला उठले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर गर्भपिशवीच्या तोंडावर लक्ष ठेवलं असतं." मग बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं. "ते पुरतं लागू पडायला आता दोन दिवस तरी बाळ आत राहू दे."

मी कूस बदलली नाही, खोकलासुद्धा गिळला. बाळ एक दिवस आणि पाच तास थांबलं.

मुलगी आहे, सव्वा किलोची. काचेच्या पेटीत नळीने श्वास घेतेय.

उद्या तू येशील. हे पत्र देणार नाही, तोंडानेच सांगेन. मग माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल, पण आधी तिच्यापाशी जा. तिच्या छातीकडे बघायचा मला धीर होत नाही. ती नीट श्वास घेतेय ना, ते तू बघून मला सांग.

तुझी,
धाकटी