कोपऱ्यातलं लाल बटण

वहिनी,

सुटे भाग आणले होते ना, त्यांचा कीबोर्ड जोडून तुमच्या टेबलावर ठेवलाय. वायर नाही, हवं तर मांडीवर घेऊन बसा. तुमचं मनगट ठणकतं, म्हणून खोडायचं बटण अंगठ्याखाली आणलंय. घरात सोल्डरिंगचा जळका वास राहिलाय. दादाने विचारलं तर दूध उतू गेलं म्हणा.

कोपऱ्यातल्या लाल बटणात अख्खं वाक्य भरलंय: ‘आज जमणार नाही.’ दादा ऑफिसचं टायपिंग घरी आणतो, तेव्हा तुमच्या तोंडून हे काही निघत नाही.

तुमच्या कॉम्प्युटरवर तपासताना ते चुकून दादालाच गेलं, तुमच्या नावाने. माफ करा. मी कामावर निघालो.

त्याचं उत्तरही आलंय: ‘बरं.’

एवढंच होतं, वहिनी.