चारुदत्तांच्या अस्थी आणि नॉर्वेचा फोटो

मी, शोभना चारुदत्त गद्रे, वय बहात्तर, राहणार अल बर्शा, दुबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. दडपण कोणाचे नाही. मात्र मुलगा वरद आज न मागता दोनदा चहा घेऊन आला, याची नोंद असावी.

१. पुण्याची सदनिका वरदला. किल्ल्या शेजारच्या अपर्णाकडे आहेत. त्याला आधी मिळाल्या तर माझ्या हयातीतच कपाटं उचकली जातील.

२. मोहनमाळ व बांगड्या नात ईशानीला. लॉकर उघडताना वरदला बाहेर बसवावे.

३. दिवाणखान्याच्या भिंतीवरचे फ्योर्डचे चित्र ह्यांनी स्वतः चिकटवले. नॉर्वेत समुद्र डोंगरांत खोल आत शिरतो, तोच फ्योर्ड. पाण्यातून सरळ उठलेले कडे, माथ्यावर बर्फ, खाली गर्द हिरवळ, जागोजागी धबधबे. "एकदा जाऊ या," हे म्हणायचे. मी म्हणायचे, इतकं नितळ पाणी रंगवलेलंच असणार. तरी हे कामावर गेले की मी त्याच्यासमोरच जेवायला बसायचे. घरमालकाने भिंत मोकळी करण्याचा हट्ट धरला तर चित्र ओल्या फडक्याने सावकाश सोडवावे, फाडू नये.

४. "मला त्या पाण्यात सोडा," ही ह्यांची शेवटची इच्छा. ऑफिसच्या टूरवर निघालेला वरद, तिथूनच नॉर्वेला जातो म्हणून अस्थिकलश घेऊन गेला आणि येऊन फोटो दाखवला. "आई, खलास, झालं सगळं. बाबा फ्योर्डमध्ये आहेत. किती ब्यूटिफुल आहे बघ!" कडे पाण्यातून उठलेले होते, हे खरे. पण बोडके, तपकिरी. धबधबा एक नाही. वरद घामाने निथळलेला, आणि होडीत लाल गालिचा, लोड-तक्के! अशा होड्या मी ओमानच्या मुसंदमला पाहिल्या आहेत; तिथेही समुद्र डोंगरांत शिरतो. इथून सकाळी निघालं तर रात्री जेवायला घरी. ईशानीला विचारलं, तर म्हणाली, "आज्जी, इट्स स्टिल अ फ्योर्ड, ओके?" रजा मिळाली नसेल, व्हिसा मिळाला नसेल. तसं सांगायचं होतं.

५. वरद, हे कलम तुझ्यासाठी. नॉर्वे असो की मुसंदम, मी भांडायला परत येणार नाही. पण चूक सुधारायला म्हणून मला एकटीला त्या बर्फात नेऊ नकोस. बाबांना खरंच कुठे सोडलंस, ते तुलाच ठाऊक. मलाही तिथेच सोड.

साक्षीदार: १. अपर्णा मोघे २. सुदेश राणे (हे न वाचता सही करतात, म्हणून मोठ्याने वाचून घेतले. वरद तेव्हा स्वयंपाकघरात होता.)

अल बर्शा, दुबई
२ फेब्रुवारी २०२५
सही: शोभना चारुदत्त गद्रे