बेलभंडारा, स्लॅबखाली

माय, काल गावच्या शाळेत मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. नांदेडच्या वकीलबाई म्हणून हार-बिर घातला, हातात नारळ दिला. नव्या इमारतीत पोरी रांगेनं बसल्या होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोरून ती जुनी इमारत काही हलत नव्हती. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसाचं मला अजून नवल वाटून राहिलंय. बाई होतीस का कोण होतीस, देव जाणे.

भूकंपात शाळा पडली तेव्हा कुठल्या कुठल्या लोकांनी तिच्यासाठी पैसा पाठवला. संस्थेचा अध्यक्ष कोण, तर तुझा धाकटा भाऊ, माझा मामा. तू त्याच शाळेत बाई. मामानं स्लॅबची शाळा उभी केली आणि तिच्यासोबतच लातुरात स्वतःचा बंगलाही. पहिल्याच पावसाळ्यात शाळेचं छत पाझरलं, गिलावा गळून पडला, आतल्या सळ्या दिसायला लागल्या, त्याही तारेसारख्या बारीक. तू पोरांना उचलून लिंबाखाली बसवलंस आणि भावाला विचारायला गेलीस. "आक्का, तुला कशाला पाहिजे त्या भानगडी?" म्हणाला. मी तेव्हा त्याच बंगल्यात राहून बारावीचे क्लास करत होते. गावोगावची पोरं लातुरात एका कॉटपुरत्या जागेसाठी वणवण करत होती आणि मला मात्र स्वतंत्र खोली, मामीच्या हातची गरम भाकरी. एक दिवस तू एस.टी.नं आलीस आणि सरळ माझी ट्रंक भरायला घेतलीस. मामी रडकुंडीला आली. "वन्सं, पोरीनं काय केलंय?" तू म्हणालीस, "तिनं काही न्हाई केलं. पण ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्या घरचं खायचं न्हाई." दावा लागणार हे मामीला तिथं कळलं, आणि मलाही. अशी चिडले होते मी तुझ्यावर! माझ्या परीक्षेच्या वर्षीच हिला न्याय सुचावा, असं वाटलं होतं.

शाळेच्या पैशाची अफरातफर झाली म्हणून दावा लागला. काही पालकांनी तुझ्यासोबत सह्या केल्या. त्या दिवाळीत मामा भाऊबीजेला आला नाही. तू तरी ताट केलंस, दारात वाट बघत बसलीस, आणि शेवटी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलंस. मी म्हटलं, "माय, घे की मागं तो दावा. एकुलता एक भाऊ हाय तुला." तू निरांजन खाली ठेवलंस. "त्या छताखाली लोकांची लेकरं बसणार हायेत गं," एवढंच बोललीस. मग पदर डोळ्यांना लावलास. तुला रडताना मी फार कमी वेळा पाहिलं.

थोड्या दिवसांनी मामा आला, गावातली चार वजनदार माणसं घेऊन. म्हणाला, कोर्ट-कचेरी कशाला, मी खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलतो, एक पैसा खाल्ला असंल तर माझं वाटोळं होईल. झालं! सह्या करणारे पालक लगेच विरघळले. बेलभंडारा हातात घेऊन कोण खोटं बोलेल, आपल्याकडं त्याच्यापुढं कोर्टाचं काय चालतं? सगळे तुझ्याकडं बघायला लागले. तू चहाची कपबशी पुढं सरकवलीस आणि म्हणालीस, "उचल की. पण देवळात नको. शाळेत उचल, तुझ्या स्लॅबखाली. मी बी बसते तुझ्यासंगं."

आणि मग तो दिवस. सगळा गाव शाळेपुढं जमलाय. भूकंपापासून पक्क्या छताखाली पाठ न टेकलेली तू, कडाक्याच्या थंडीत अंगणात पत्र्याखाली झोपणारी तू, बेल आणि भंडाऱ्याचं ताट घेऊन पायऱ्या चढतेस. वर बघत नाहीस. वर्गाच्या मधोमध मांडी घालून बसतेस आणि ताट पुढ्यात ठेवतेस. मामा पायरीवर येतो, एक चप्पल काढतो, दुसरी पायातच राहते. "ये ना भाऊ," तू म्हणतेस. वरून चिमूटभर वाळू ताटात पडते. मामा पांढराफटक. "आक्का, भायेर ये."

"का रे? पक्की हाय ना?"

"भायेर ये म्हणतो ना!" त्याचा आवाज फाटला. "पडंल गं ते! आक्का, तुझ्या पाया पडतो, भायेर ये!"

गावानं ऐकलं. मामा पायरीवरच डोकं धरून बसला. तू सावकाश उठलीस, बाहेर आलीस, आणि जाता जाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास. दावा मात्र मागं घेतला नाहीस. माय गं, हे दोन्ही एकाच हातानं कसं जमलं तुला? मी इतकी वर्षं वकिली करते, मला अजून उमगलेलं नाही.

तडजोडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. निकालासाठी कोर्टानं अंत पाहिला, पण आला. मामाचा बंगला विकून पैसा परत आला, जुनी इमारत पाडली, नवी झाली. त्यानंतर मामा आपल्या दारात आला तो एकदम तू गेल्यावर, माहेरची साडी घेऊन. उंबऱ्याबाहेर थांबून मला विचारलं, "येऊ का आत?" मी त्याला हाताला धरून आणलं. त्यानंच ती साडी तुझ्या अंगावर घातली आणि लहान पोरासारखा रडला.

हे कुठं पाठवू मी? गावात लोक म्हणतात, लेक आईवर गेलीय. मी मान डोलावते. पण काल त्या नव्या शाळेत, तू मिळवून दिलेल्या छताखाली पाऊल टाकताना, मी आधी वर बघितलं. कुठंही शिरताना बघते, माय.