घाणा उतरेपर्यंत

आई, तुझा पिठाचा डबा अजून फिरतोय. तळ बदलला, दांडा बदलला, मोटारी किती बदलल्या ते विचारू नकोस, पण वरचं कडं तेच आहे, तुझं नाव घातलेलं. आज सकाळी त्यातून कॉफीचा असा काही घाणा उतरला की एकेक बी दुसरीची जुळी बहीण. हुरूप आला, म्हणून लिहायला बसले. तू म्हणाली होतीस, हे खूळ दिवाळीपर्यंत टिकलं तरी डोक्यावरून पाणी. तू जाऊनही आता बरीच वर्षं झाली आणि खूळ जागच्या जागी आहे. हे तुला ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी नवऱ्याकडून परत आले त्या दिवशी तू चुलीसमोर चिलापी मासे तळत होतीस. भिगवणच्या हायवेवरची आपली खानावळ म्हणजे वर पत्रे, खाली दोन बाकडी आणि मधे तू. माझ्या हातात एकच पिशवी. तू माझ्या मनगटावरचे वळ पाहिलेस, तव्यावरचा तुकडा उलटलास आणि म्हणालीस, "हात धू आन् कांदा चिरायला घे." गिऱ्हाइकांची जेवणं उरकल्यावर मात्र स्वच्छ सांगितलंस, "दिवाळीपतुर ऱ्हा. मग तुझा मामा ठरवंल." मामा सणसरचा, तुझा थोरला भाऊ. बाबा गेल्यावर ही जागा त्यानेच मिळवून दिली होती आणि त्याचा शब्द तू कधी खाली पडू दिला नव्हतास. तो काय ठरवणार हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. नवऱ्याची नोकरी कर्नाटकात, माझी भांडीकुंडी कर्नाटकात, तेव्हा मामाच्या लेखी माझी जागाही तिथेच. मला परत जायचं नव्हतं. तिथे गेले तर मी जगणार नाही, हे मला आतून कळलं होतं, पण ते मामाला पटेल अशा भाषेत मला सांगता येत नव्हतं.

तिकडून मी एकच विद्या घेऊन आले होते. शेजारच्या अम्मा कॉफीच्या हिरवट बिया घरीच लोखंडी कढईत भाजायच्या आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. तिथे माझ्यावर कुणी हात उगारत नव्हतं. म्हणून तो वास आला की माझ्या छातीवरचं ओझं उतरायचं, अजूनही उतरतं. आपल्या हायवेला दक्षिणेचे ट्रक थांबत. ड्रायव्हर कॉफी मागत आणि तू "न्हाय" म्हणून हात हलवायचीस. मी म्हटलं, आपण भाजू या कॉफी. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "त्ये करपल्यालं पानी कोन पिनार हाय हितं? भाजायचंच हाय तर शेंगदानं भाज, चटनीला तरी येतील."

चिकमगळूरकडून येणाऱ्या एका ड्रायव्हरने अर्धं पोतं बिया आणून दिल्या. कढईत भाजल्या तर काही कोळसा, काही कच्च्या, आणि माझा हात खांद्यातून गेलेला. फिरता डबा हवा होता. शेजारच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटार काढून दिली. ती सावकाश फिरते आणि बॅटरीवर चालते, म्हणजे लाइट गेली तरी अडत नाही. बारामतीच्या भंगारवाल्याकडून जुना बर्नर आणला. डब्यापाशी घोडं अडलं. तेलाचे पत्र्याचे डबे आचेला वाकडे व्हायचे. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात तू तुझ्या लग्नातला स्टीलचा पिठाचा डबा परातीत उपडा केलास, धोपटून झटकलास आणि माझ्यापुढे आदळलास. "घे. पीठ काय, गाडग्यात बी ऱ्हातंय." तेवढं बोलून चुलीकडे गेलीस. वर्षभर मला कुणी काही दिलं नव्हतं, आई. मी त्या डब्याला मिठी मारून रडले, आणि माझ्या गालाला तुझं पीठ लागलं.

मिस्त्रींनी डब्याच्या पोटातून दांडा आरपार घातला. पहिल्या खेपेला बिया नुसत्या तळाशी घसरत राहिल्या आणि एका अंगाने जळल्या. मग आत पात्या रिव्हेट मारून बसवल्या, तेव्हा कुठे त्या वरखाली उलटायला लागल्या. दांडा कुरकुरायचा म्हणून मी शहाणपणा करून पंपाचं ग्रीस भरलं. ते आचेने वितळून आत गेलं आणि त्या कॉफीला ट्रॅक्टरचा वास आला. कुलूप अडकलं की त्यात शिसपेन्सिलीचा भुगा घालतात, ते आठवलं. तोच दांड्याला लावला आणि कुरकुर थांबली. आजही मी तोच लावते. शिवाय दर आठवड्याला धुराड्यातली काजळी आणि बियांची फोलपटं काढते. एकदा आळस केला होता तर फोलपटांनी पाइपातच पेट घेतला, आणि तू माशाच्या पाण्याची बादली घेऊन धावलीस ते आठवतं ना? भट्टी विझली, पण पुढचे दोन दिवस भट्टीसुद्धा मच्छीबाजार झाली होती.

मासे तर आपल्याला आधीही नडले होतेच. बियांचं पोतं आपण बिनघोर चिलापीच्या पाट्यांशेजारी टांगलं होतं. आपल्या नाकांना त्या वासाची सवय, आपल्याला काय कळणार. पहिला पेला ज्या ड्रायव्हरला दिला त्याने घोट घेतला, पेल्यात वाकून पाहिलं आणि तुला विचारलं, "अम्मा, ये काफी है की मच्छी का शोरबा?" तू इतकी हसलीस की तुला बाकड्यावर बसावं लागलं. मी आल्यापासून तुला हसताना पहिल्यांदा पाहत होते. पोतं त्याच दिवशी तुझ्या कपड्यांच्या पेटीत गेलं. पुढे तुझ्या लुगड्यांनाच कॉफीचा वास यायचा आणि तू सगळ्यांजवळ माझ्या नावाने खडे फोडायचीस.

मग मात्र जमलं. बिया डब्यात सळसळत फिरायच्या, थोड्या वेळाने तडतडायला लागायच्या, आणि तू भिंतीपलीकडे भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरून ओरडायचीस, "तडतडायला लागलं गं, आच कमी कर." उतरलेला घाणा तू सुपात घेऊन पाखडायचीस, फोलपटं उडायची, बिया गार व्हायच्या. दसऱ्यापर्यंत दक्षिणेचे ट्रक लांबूनच हॉर्न देऊ लागले. तू चहाचं पातेलं मागे सरकवून पुढे माझं फिल्टरचं भांडं ठेवलंस. वर तोंड वाकडं करून म्हणालीस, "येडी मानसं. मागत्यात तर द्याया पायजे."

दिवाळी आठवड्यावर आली आणि मामा आला. बरोबर माझे थोरले दीर. दुपारच्या गाडीने मला न्यायचं ठरवूनच आलेले. ती गाडी आपल्या स्टेशनवर जेमतेम थांबते. मी त्यांची जीप थांबताना पाहते, कांदा विळीवर तसाच टाकते, मागच्या पडवीत जाऊन बर्नर पेटवते आणि मोटार चालू करते. डबा फिरायला लागतो. पत्र्याच्या भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. मामा म्हणतो, "तिला पिशवी भराया सांग. गाडीला येळ न्हाय."

तू म्हणतेस, "बसा की दादा. भट्टीवर हाय ती. घाणा उतरल्याबिगर तिला उठता येत न्हाय."

"मावशी, भट्टी बंद करायला कितीसा वेळ लागतो?" दीर विचारतात.

"मधीच बंद केली की समदा माल जातोय. तुमी हापिसातनं आर्ध्या कामावरनं उठून येता व्हय?" मामाचं बाकडं कुरकुरतं, तो उठलेला असतो. "दादा, तितं जाऊ नगा. धूर हाय, तुमाला दमा हाय." मग भिंतीकडे तोंड करून नेहमीचा आवाज, "तडतडायला लागलं गं, आच कमी कर. आन् ह्यो उतरला की लगीच दुसरा टाक."

"दुसरा?" मामा म्हणतो.

"सोलापूरचा मानूस न्यायला येनार हाय. तवर तुमी जेवून घ्या, रस्सा निवतोय." ताटं वाढल्याचा आवाज येतो. डबा फिरत राहतो. शेवटी स्टेशनाकडून गाडीची शिटी येते, गाडी थांबते, निघते, आणि रुळांचा आवाज लांब लांब जातो. मग पलीकडून तू बोलतेस. "दादा, तुमचा शबुद मी आजवर मोडला न्हाय. आज मोडते. ती हितंच ऱ्हाईल. तिचा धंदा हाय हितं."

मामा पुढे वर्षभर फिरकला नाही. मग आला तो इंदापूरचे पाहुणे घेऊन, आणि "आमच्या भाचीच्या हातची" म्हणून स्वतःच त्यांना कॉफी पाजली. बारामतीच्या हॉटेलांतून पावडरीला माणसं यायला लागली. त्याच डब्याच्या जिवावर मी पत्रे काढून स्लॅब टाकला. तू मरेपर्यंत चहाच प्यालीस, ते सोडलं तर आपण सगळं जिंकलो, आई. सगळं.

हा कागद धाडणार तरी कुठे. घडी घालून पेटीत टाकेन, तुझ्या लुगड्यांत. पण एक गोष्ट तुला कधी बोलले नाही, ती लिहून ठेवते. त्या दुपारी डबा रिकामा होता. चिकमगळूरचा ड्रायव्हर आला नव्हता, पोतं कधीच झाडून झालं होतं. जीप पाहिली आणि दुसरं काही सुचलं नाही, म्हणून रिकामाच डबा फिरवला, वास यावा म्हणून आचेवर मूठभर फोलपटं टाकली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. बिया नसल्या की डबा सळसळत नाही. तुला ते पहिल्या फेऱ्यालाच कळलं असणार. तरी तू ओरडलीस, तडतडायला लागलं गं, आच कमी कर. आत तडतडायला काहीच नव्हतं, आई. तरी मी आच कमी केली.